ग्लासातला आइस, रस्त्यावरचा आइस आणि मराठीतला बर्फ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स करताना एकाच भागात 'आइस' हा शब्द पाच ठिकाणी आला. पाय मुरगळलेल्या मुलाला आई काहीतरी सांगते तिथं, पुलावर गाडी घसरते तिथं, जेवणाच्या टेबलावर एकजण विनोद करून 'ब्रेक द आइस' करतो तिथं, खलनायक आपला बेत 'ऑन आइस' ठेवायला सांगतो तिथं, आणि शेवटी बारमध्ये. तुम्ही पहिल्या चार ठिकाणी 'बर्फ' लिहिलात, बारमध्ये 'आईस' लिहिलात, आणि तपासणाऱ्या बाईंनी पाचही ओळींवर लाल रेघ मारली. आता तुम्हाला नियम हवाय: बर्फ कधी, हिम कधी, आइस कधी आणि शब्द गाळूनच टाकायचा कधी.

सरसकट नियम माझ्याकडे नाही. बावीस वर्षं भाषांतर करतोय. सुरुवात शेतीच्या पत्रकांपासून आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिकांपासून झाली, आता बहुतेक वेळ सबटायटल्समध्ये जातो. या काळात मला एक सवय लागली, ती सांगतो. 'आइस' दिसला की त्याचा अर्थ काय हे मी आधी विचारत नाही. त्या वाक्यात बर्फाचा कोणता गुण कामाला लावलाय, ते बघतो. गारवा? टणकपणा? निसरडेपणा? पातळ थर? पांढरा चकचकीतपणा? की तिथं पाण्याचा काही संबंधच नाही? एवढं कळलं की शब्द सापडायला वेळ लागत नाही.

पण त्याआधी खऱ्या बर्फाचा गुंता सोडवू, कारण निम्म्या चुका तिथंच होतात.

शाळेत आपल्याला 'आइस म्हणजे बर्फ' आणि 'स्नो म्हणजेही बर्फ' असं शिकवतात. बिचाऱ्या शिक्षकांचा दोष नाही. महाराष्ट्रात आकाशातून स्नो पडतच नाही, त्यामुळे दोन शब्दांची गरज कधी पडली नाही. हा फरक मी मुलांना फ्रीज उघडून दाखवतो. ट्रेमधले खडे म्हणजे आइस: पाणी होतं, ते जसंच्या तसं गोठलं. फ्रीजरच्या भिंतीवर जो पांढरा भुरभुरीत थर धरतो, ज्याला आपण 'बर्फ धरलाय' म्हणतो, तो इंग्रजीत फ्रॉस्ट: हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर थेट गोठून बसलेली. म्हणून तर जाहिरातीत 'फ्रॉस्ट फ्री' लिहिलेलं असतं, 'आइस फ्री' नाही. आणि मनालीला जाऊन आपण एकमेकांच्या अंगावर फेकतो तो स्नो: ढगातच वाफेचे स्फटिक होऊन पिसासारखे खाली आलेले. गारा वेगळ्या, त्यांना हेल. मराठवाड्यात-विदर्भात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकं झोडपली ती गारांनी. त्या बातमीचं इंग्रजी करताना कुणी 'आइस पडला' लिहिलं तर वाचणारा डोकं खाजवत बसेल.

म्हणजे आपण हे सगळे प्रकार ओळखत नाही असं नाही. गार आहे, दव आहे, दहिवर आहे, हिम आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत गवतावर पांढरं साचतं, तेव्हा आपली वर्तमानपत्रं 'दवबिंदू गोठले, हिमकण झाले' असं बरोबर लिहितात. फक्त बोलताना आपण 'बर्फ' या एका शब्दावर सगळा संसार चालवतो.

आणि गंमत बघा, तो शब्दही मुळात स्नोचाच. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारा. गोठलेल्या पाण्याला तिथं 'यख' म्हणतात. आपण स्नोचा शब्द उचलला आणि तो लादीला, गोळ्याला, ट्रेमधल्या खड्याला लावला. तेव्हा 'बर्फ म्हणजे आइस की स्नो' या प्रश्नावर डिक्शनरी आपटून भांडण्यात अर्थ नाही, कारण शब्दाची जन्मकुंडली एक सांगते आणि वापर दुसरंच.

मी कामापुरती सोय अशी केली आहे. विज्ञानाचा मजकूर असेल आणि दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात येत असतील, तर स्नोला हिम आणि आइसला बर्फ. हे पाळलं नाही तर वाक्य लिहिताच येत नाही. आपलं अंटार्क्टिकावरचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर उभारलं होतं आणि पुढे ते गाडलं गेलं. अशा जागी काय घडतं ते सांगायचं तर 'वरून हिम पडत राहतं आणि खालच्या थरांचा दाबाने बर्फ होत जातो' असंच लिहावं लागतं. 'बर्फाचा बर्फ होतो' लिहून चालेल का? ध्रुवीय संशोधनाचं आपलं राष्ट्रीय केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. नारळाच्या झाडांच्या गावात बसून बर्फाचे थर मोजणाऱ्या या मंडळींबद्दल मला फार कौतुक वाटतं.

पण ही सोय जोडशब्दांत लगेच कोसळते. हिमनदी, हिमनग, हिमयुग या तिन्हींत आहे आइसच, आणि तिथं 'हिम' इतका रुळलाय की 'बर्फनदी' म्हणायला जाऊ नका. त्यातही हिमनग हा शब्द मला नेहमी हसवतो. संस्कृतात 'नग' म्हणजे जो जात नाही तो, अर्थात पर्वत. आणि आइसबर्ग तर हिंडणाराच! तरी शब्द छान बसला. 'हिमनगाचं टोक' हा वाक्प्रचारही इंग्रजीतून आला आणि आता मराठीचा झाला. तो टिकला कारण त्यामागचं चित्र आपल्याला कळतं. समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगाचा साधारण नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो, हे सातवी-आठवीतल्या मुलालाही माहीत असतं. अशा ठिकाणी आयात केलेला शब्द मी बिनधास्त वापरतो.

आता तुमची गाडी घसरते ते वाक्य. तिथं 'ब्लॅक आइस' आहे आणि तुम्ही 'काळा बर्फ' लिहिलंत. हा बर्फ काळा नसतोच. तो इतका पातळ आणि पारदर्शक थर असतो की खालचा डांबरी रस्ता दिसतो आणि रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. पुलांवर तो आधी धरतो, कारण तिथं खालूनही गार वारा लागतो. थोडक्यात, या शब्दाचा सगळा जीव 'दिसत नाही' यात आहे. 'काळा बर्फ' वाचून प्रेक्षक पडद्यावर काळं काहीतरी शोधेल. मी लिहीन: 'रस्त्यावर बर्फ होता, दिसलाच नाही!' हे ठिकाणावर अवलंबून आहे, हेही सांगतो. हीच गोष्ट वाहन चालवण्याच्या नियमपुस्तिकेत आली असती, तर मी 'ब्लॅक आइस' तसाच ठेवून पुढे एक ओळ समजावून दिली असती. टोरांटोतली माझी मावसबहीण घरात शुद्ध मराठी बोलते, पण हिवाळ्यात मुलांना 'बाहेर आइस झालाय, सांभाळून' असं सांगते आणि स्नोला स्नोच म्हणते. ती भाषा बिघडवते असं मला अजिबात वाटत नाही. स्नोवरून माणूस चालू शकतो, आइसवरून आपटतो; तिथं दोघांना एकच शब्द वापरणं परवडणारं नाही.

मुरगळलेला पाय. 'आइस इट'. इथं आइस क्रियापद आहे आणि गुण आहे गारवा. 'त्याला बर्फ कर' चुकलंच. 'बर्फ लाव' बरोबर, 'बर्फानं शेक' आणखी घरगुती. शेकणं खरं तर उबेचं, तरी आपण बर्फाचाही शेक देतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मूळ संवादात वीस मिनिटं वगैरे असेल तर ते गाळू नका, लोक सबटायटल वाचूनही उपचार करतात. दुखापतीवर रेस्ट, आइस, काँप्रेशन, एलिव्हेशन (विश्रांती, बर्फ, दाब, दुखरा भाग उंच ठेवणं; आद्याक्षरांनी 'राइस') हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि पुढे बर्फाबद्दलचं आपलं मत स्वतःच बदललं. पण खेळाच्या मैदानावरचे संवाद अजून त्याच सूत्रावर चालतात, म्हणून त्यातली चार अक्षरं ओळखीची असलेली बरी.

क्रियापदाचाच दुसरा वापर केकवर. तिथं गारव्याचा मागमूस नाही. साखरेचा पांढरा चकचकीत थर बर्फासारखा दिसतो, म्हणून आयसिंग. हे विचित्र वाटत असेल तर आपली बर्फी आठवा. ती कुठे गार असते? फारसी बर्फावरूनच तिचं नाव पडलं, पांढरेपणावरून. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता गोडाला बर्फाचं नाव दिलं. अमेरिकेत केकवरच्या त्याच थराला फ्रॉस्टिंग जास्त म्हणतात. मराठीत दोन्हीला आयसिंगच पुरे. 'आयसिंग ऑन द केक' मात्र 'केकवरचं आयसिंग' असं उतरवू नका. आनंदाची गोष्ट असेल तर 'दुधात साखर'. आणि उपरोधानं म्हटलं असेल, म्हणजे गाडी बंद पडली, पाऊस आला आणि वर मोबाइलही गेला, तर 'दुष्काळात तेरावा महिना'. बोलणाऱ्याचा सूर ऐकल्याशिवाय यातलं कोणतं ते ठरत नाही, म्हणून नुसत्या लेखी संहितेवरून सबटायटल्स करायला मी नकार देतो.

आता येतो खऱ्या अवघड भागाकडे, वाक्प्रचारांकडे.

मराठीत बर्फाचे गुण बहुतेक चांगले. गारवा, शांतपणा, आराम. 'डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर ठेव' असं आपण नव्या सुनेला, नव्या सरपंचाला, दुकानात बसलेल्या पोराला सांगतो. जीव गार होतो, डोळे निवतात, मनाला थंडावा मिळतो. उन्हाच्या देशातली भाषा असंच बोलणार. उन्हाळ्यात घंटी वाजवत 'गारेगार' अशी हाळी येते तेव्हा कुणाच्या मनात भीती येते? इंग्रजी वाढली ती थंडीनं माणसं मरतात अशा मुलखात. तिथं बर्फ म्हणजे पायाखाली फुटणारा, वाट अडवणारा, प्रेम नसलेला. 'आयसी' नजर म्हणजे शांत नजर नव्हे, जिव्हाळा नसलेली, परकी नजर. 'तिनं त्याच्याकडे बर्फासारख्या नजरेनं पाहिलं' लिहिलं की मराठी वाचक क्षणभर अडखळतो. 'कोरड्या नजरेनं' म्हटलं की लगेच कळतं. ते गारठवतात तिथं आपण कोरडे पडतो.

'ब्रेक द आइस' यातला बर्फ वाट अडवणारा. गोठलेल्या नदीत नाव पुढे न्यायची तर आधी बर्फ फोडावा लागतो. 'बर्फ फोडला' असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मराठी प्रेक्षकाला टोच्यानं लादी फोडणारा गोळेवाला दिसला. आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि तुम्हाला त्यातून निवडावं लागेल. अनोळखी माणसं पहिल्यांदा भेटलीत, कुणीच बोलत नाही, मग एकानं विनोद केला, तर 'भीड चेपली' किंवा 'संकोच गेला'. पण दोन पक्षांचं भांडण आहे, चर्चा अडलीय आणि एकानं पाऊल पुढे टाकलं, तर 'कोंडी फुटली'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालून जातो, मराठीत अदलाबदल केली की दृश्याचा रंग बदलतो. तुमच्या जेवणाच्या टेबलावर नवा जावई आहे, म्हणजे भीडच.

'कट्स नो आइस' अमेरिकी आहे. तिथं एकेकाळी तळी गोठली की करवतींनी बर्फ कापून तो विकत, अगदी आपल्याकडेसुद्धा. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी त्यातला शंभरेक टन बर्फ कलकत्त्याला पोचला. मद्रासला १८४२ मध्ये त्यानं बांधलेलं बर्फाचं कोठार अजून उभं आहे. १८९७ मध्ये विवेकानंद तिथं राहिले, म्हणून इमारतीचं नाव आता विवेकानंदर इल्लम, पण त्या भागाला लोक अजून आइस हाउसच म्हणतात. असो, गाडी भरकटली. 'कट्स नो आइस' साठी 'डाळ शिजत नाही' हे पटकन सुचतं, आणि समोरचा काही चलाखी करत असेल तर ते फक्कड बसतं. पण एखाद्याचा युक्तिवाद पटला नाही एवढंच असेल, तर डाळ शिजवू नका. 'यानं मला काही फरक पडत नाही' पुरे.

'ऑन थिन आइस' साठी 'तारेवरची कसरत' वापरलेली मी पुष्कळदा पाहतो. ती चूक आहे. कसरत करणाऱ्याला तोल सांभाळता येतो, त्यात कौतुक आहे. पातळ बर्फावर उभा असलेला माणूस मात्र कुठल्याही क्षणी आत जाणार. साहेब नोकराला दम देतोय तर 'आता एक चूक केलीस तर गेलास' हे सरळ वाक्य कुठल्याही वाक्प्रचारापेक्षा बरं.

तुमचा खलनायक. 'पुट इट ऑन आइस' म्हणजे सध्या बाजूला ठेव, मासळी बर्फात ठेवतात तसं. 'बर्फात ठेवा' मध्ये अर्थ निम्माच पोचतो. शिवाय आपल्याकडे 'बर्फाच्या लादीवर झोपवणे' याला पोलीस कोठडीचा वास आहे. बेताच्या जागी माणसाचा उल्लेख असता, तर तुमच्या ओळीनं भलताच गुन्हा घडवला असता. 'थंड बस्त्यात' हे हिंदीवरून आलेलं आता बातम्यांत सर्रास दिसतं. मला ते फारसं आवडत नाही, पण चुकीचंही म्हणणार नाही. आपलं 'बासनात गुंडाळणे' यात प्रकरण कायमचं गेलं असा सूर आहे, 'भिजत घोंगडं' मध्ये दिरंगाईची तक्रार आहे. खलनायक ना कायमचं सोडतोय, ना तक्रार करतोय. म्हणून 'सध्या थांबव' एवढंच लिहा. शब्द गाळायची वेळ ती हीच.

गुन्हेगारीच्या मालिकांत आणखी काही आइस भेटतील. चोर म्हणतो 'आइस कुठाय', तेव्हा ते हिरे, 'खडे' लिहा. मी नवखा असताना एका कथेत 'बर्फ चोरला' असं लिहून बसलो होतो, आणि चोरानं तो खिशात कसा ठेवला हा प्रश्न मला पडला नव्हता. अमली पदार्थांच्या संदर्भात ते स्फटिकरूप मेथॲम्फेटामाइन. तिथं 'आइस' तसाच राहू दे, पण त्याला आपल्याकडच्या बातम्यांतला 'एमडी' करू नका, तो मेफेड्रोन, वेगळा पदार्थ. 'आइस हिम' म्हणजे त्याला मारून टाक. इथं मात्र मुंबईची बोली मदतीला येते: 'थंड कर त्याला'. आणि अमेरिकेतलं आजचं कथानक असेल तर तिथल्या स्थलांतर खात्याच्या नावाची आद्याक्षरंही 'आइस' अशीच उच्चारतात. मालिकेत कुणी घाबरून 'आइस आलेत' म्हणालं तर बर्फ शोधू नका, दारात कोण उभं आहे ते बघा.

जुनी ब्रिटिश कादंबरी करायला मिळाली तर 'ॲन आइस' जपून. आइस एरवी मोजत नाहीत, त्यामुळे 'एक आइस' किंवा अनेकवचन दिसलं की ते आइसक्रीम किंवा तसलाच गोठवलेला गोड पदार्थ समजा. बागेत बसलेल्या बाईसाहेब बर्फ चघळत नसतात. मराठीतही आपण 'दोन बर्फ' म्हणत नाही; दोन खडे, एक लादी, मूठभर चुरा, गोळ्यासाठी कीस असं मोजतो. इंग्रजी संवादात नुसता 'आइस' असला तरी मराठीत यातला योग्य शब्द घाला, चित्र लगेच उभं राहतं.

ड्राय आइस तुमच्या भागात नाही, पण कधीतरी येईलच. तो पाण्याचा नसतोच. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश सेल्सिअसचा, जो न वितळता सरळ वायू होतो. लग्नात नवरानवरीच्या पायाशी ढग सोडतात ते त्याचेच. पाठ्यपुस्तकात 'शुष्क बर्फ', मांडववाल्याच्या तोंडी 'ड्राय आइस'. आणि सुरक्षेची सूचना असेल तर कोणताही शब्द वापरा, पण 'उघड्या हातानं धरू नका' हे वाक्य तोडू नका. नावात बर्फ आहे म्हणून लोक तो खुशाल उचलतात.

उच्चाराचं एक. 'आइस' मधला शेवटचा स स्पष्ट ठेवला की 'आइज', म्हणजे डोळे, याच्याशी घोटाळा होत नाही. डबिंग करत असाल तर कलाकाराला हे आधीच सांगा.

राहिला बार. तिथं बर्फ खरा आहे, गुण गारव्याचा आहे, आणि बारमध्ये आपणही आइसच म्हणतो, त्यामुळे तुमचा शब्द बरोबर होता. बाईंनी रेघ मारली ती दीर्घ ई वर. वेटरला नायक म्हणतो 'आईस टाक', आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ग्लासाऐवजी आई येते, तीही टाकून दिलेली. ती ई तेवढी ऱ्हस्व करा.